एका चुलीचा दाखला

नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. पण ही सरकारी कागदाची गोष्ट आहे आणि कागदावर ते जागोजागी आहे, म्हणून एकदाच सांगून टाकते: चंपतराव. इथून पुढे 'आमचे हे'. त्यांचा धाकटा भाऊ रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. त्याची बायको गोपिका, म्हणजे माझी धाकटी जाऊ. आणि मी मनकर्णा, थोरली. सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूला आमचं घर. घर एक, अंगण एक, आणि अंगणाच्या मधोमध छातीइतकी मातीची भिंत. अलीकडे माझी चूल, पलीकडे गोपिकाची. गोठा तेवढा एकच राहिला. सहा म्हशी होत्या, चार आमच्या आणि दोन त्यांच्या, पण म्हशींनी वाटणी मानली नाही. कुठलीही कुठेही बसायची.

नऊ वर्षं मी गोपिकाशी एक शब्द बोलले नव्हते. अगदीच अडलं तर चंद्री होती. चंद्री म्हणजे आमची सगळ्यात जुनी म्हैस. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "चंद्रे, आज नळाले दुपारून पाणी येणार नाही म्हणते वं." पलीकडे लगेच घागरी भरल्याचा आवाज. गोपिकाही तेच करायची. "चंद्रे, पोस्टमन येऊन गेला. मोठ्या घराचं पत्र ओट्यावर ठेवलं आहे." आमच्या घरातली झाडून सगळी बातमी त्या म्हशीला ठाऊक होती, आणि दूध सगळ्यांत कमी तीच द्यायची.

भांडण झालं ते मिठावरून. पंच्याहत्तर साली महालक्ष्म्यांचं जेवण होतं. माझ्या माहेरची माणसं पंगतीला, गल्लीतल्या सवाष्णी, घर नुसतं भरलेलं. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखत नाहीत, म्हणून कढी कोणी चाखली नव्हती. पानात वाढली, माझ्या थोरल्या भावानं पहिला भुरका मारला आणि तो तसाच तोंडात धरून बसला. गिळवेना आणि थुंकता येईना. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला ते सहन झालं नाही. ओट्यावर उभी राहून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "गोपिकानं टाकलं असन मीठ. तिच्या मायनं काही शिकवलंच नाही तिले." गोपिका पुरणानं भरलेल्या हातांनी दारात उभी होती. तिसऱ्या दिवशी तिनं अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडली आणि महिन्याभरात दोघा भावांनी मुकाट्यानं भिंत घातली.

आता खरं सांगते. त्याच संध्याकाळी भांडी आवरताना मला आठवलं. कढीत मीठ मी टाकलं होतं. मग माहेरची माणसं आली म्हणून दारात गेले, त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, परत आले आणि पुन्हा टाकलं. गोपिका सकाळपासून पाट्यावर पुरण वाटत बसली होती, तिचा हात मिठाच्या बरणीपर्यंत पोचलाच नव्हता. सांगायचं मात्र राहून गेलं. आधी एक दिवस राहिलं, मग दिवाळीपर्यंत राहिलं, मग नऊ वर्षं राहिलं. दर महालक्ष्म्यांना वाटायचं, यंदा सांगून टाकू. आणि दर महालक्ष्म्यांना मी तोंड दाबून पुरण शिजवायची.

चौऱ्याऐंशी साली आमच्या भागात सरकारची गोबर गॅसची योजना आली. शेणात पाणी कालवून विहिरीसारख्या टाकीत सोडायचं. वर लोखंडी ड्रम पालथा घातलेला. आत वायू साठला की ड्रम वर येतो, आणि नळीनं तो वायू थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीला. धूर नाही, सरपण नाही. आमच्या ह्यांना नव्या गोष्टीचं भारी वेड, त्यांनी पहिल्याच आठवड्यात अनुदानाचा अर्ज आणला.

त्याच सुमारास रुपराव गोपिकाला धंतोलीत छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. दोन वर्षं ती खोकत होती. डॉक्टर म्हणाले, औषध मागाहून देऊ, आधी चुलीचा धूर बंद करा. सिलिंडरसाठी रुपरावनं नंबर लावून सहा वर्षं झाली होती आणि तो नंबर कधी लागेल हे कोणीच सांगत नव्हतं. तो माझ्याकडे आला.

"वहिनी, चार म्हशीच्या शेणावर थो ड्रम काही उठत नाही. आमच्या दोन म्हशीचंही शेण घ्या, अन् एक नळी आमच्याकडे टाकू द्या."

"टाक," मी म्हणाले. "पण सांगून ठेवतो, मी शेणाकडे पाहून देऊन राहिली, माणसाकडे पाहून नाही."

हे खोटं होतं. तिचा खोकला रोज पहाटे भिंतीवरून यायचा आणि मला तो ऐकवत नव्हता. पण ते मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पुढचा घोळ माझा. अर्जात एक रकाना होता: लाभ घेणाऱ्या कुटुंबांची संख्या. आमचे हे पेन घेऊन 'एक' लिहायला निघाले.

"दोन लिहा," मी म्हणाले.

"अवं, एका टाकीले एक घर लिहितेत."

"मी तिच्या चुलीत मोजली जाणार नाही. दोन लिहा."

"हा फॉर्म आहे वं. महालक्ष्मीची पंगत नाही."

"दोन."

त्यांनी दोन लिहिलं. मला तर वाटलं होतं, एका टाकीत दोन घरांचं भागतं हे वाचून सरकार खूश होईल.

तीन महिने निळी ज्योत जळली. भाकर फुगायची, भांडी काळी होत नव्हती, आणि पलीकडचा खोकला कमी होत होत एक दिवस थांबला. त्या दिवशी मी चंद्रीला सरकी जास्त घातली. मग फाल्गुनात योजनेच्या कचेरीतून तपासणीला घाटोळे साहेब आले.

साहेब सायकलवरून आले. मागे कॅरिअरला नियमांचं पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. खिशात फूटपट्टी. मी चहा ठेवला तर म्हणाले, "तपासणीत मी चहा घेत नाही." त्यांनी ड्रमची उंची मोजली, टाकीचा घेर मोजला, शेण कालवायची कुंडी मोजली. माणूस वाईट नव्हता, पण मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. शेवटी त्यांची नजर नळीवर गेली. नळी टाकीवरून निघाली, माझ्या खिडकीत शिरली, तिथून एक फाटा फुटला, आणि तो फाटा भिंत ओलांडून पलीकडे उतरला. साहेबही नजरेनं त्याच्याबरोबर पलीकडे गेले.

"ही कुठे जाते?"

"आमच्याकडे," रुपराव छाती काढून म्हणाला. त्या दिवशी त्याची पाळी दुपारची होती म्हणून तो घरी होता. "मीच टाकली साहेब. सांध्याले साबणाचं पाणी लावून पायलं, एक बुडबुडा नाही."

"तुमच्याकडे म्हणजे वेगळ्या घरात?"

"नाही नाही, घर एकच आहे."

"मग ही भिंत कसली?"

साहेबांनी सुतळी सोडली, पुस्तक काढलं, आणि नियम दोनदा वाचला. ते प्रत्येक नियम दोनदा वाचायचे, एकदा आपल्यासाठी आणि एकदा नियमासाठी. संयंत्रधारकाने तयार केलेला वायू स्वतःच्या कुटुंबाच्या घरगुती वापराकरिताच वापरावा. कुटुंबाबाहेर दिल्यास तो पुरवठा समजण्यात येईल व त्याकरिता परवाना घ्यावा लागेल.

"परवाना कोण देते साहेब?" ह्यांनी विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही."

"मग मागायचा कोणाले?"

"मागू नये, हे उत्तम."

रुपराव कळवळून म्हणाला, "पण साहेब, आमचंच शेण आहे त्या टाकीत. दोन म्हशीचं."

"शेण कुठूनही येऊ द्या. शेणाला नियम नाही, वायूला आहे."

"म्हणजे माझ्याच म्हशीचा गॅस माझ्या बायकोले चालत नाही?"

"टाकीत गेल्यावर कोणता वायू कोणत्या म्हशीचा, हे सांगता येईल का तुम्हाला?"

सगळ्यांनी गोठ्याकडे पाहिलं. चंद्री रवंथ करत होती. तिला सांगता आलं असतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

साहेबांनी अर्ज दाखवला. "तुम्ही स्वतःच लिहून दिलंय, कुटुंबं दोन. मी काय करू?" आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमकडे पाहिलं. साहेबांनी पिशवीतून तार आणि शिशाचा गोल काढला आणि पलीकडे जाणाऱ्या फाट्याचा कॉक बंद करून त्यावर सील ठोकलं. भिंतीपलीकडे गोपिका पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि आत गेली.

जाता जाता साहेब थांबले. त्यांनाही ते बरं वाटलेलं नव्हतं, हे दिसत होतं. पुस्तकाची शेवटची पानं चाळून म्हणाले, "कुटुंबाची व्याख्या आहे इथे. कुटुंब म्हणजे एकाच चुलीवर शिजवलेले अन्न खाणाऱ्या व्यक्ती." पुन्हा एकदा वाचलं. "म्हणजे चूल एक असेल तर नळी घरातल्या घरात आहे. मग शेगड्या दोन असोत की चार, पुरवठा होत नाही. पंधरा दिवसांनी मी परत येतो. रेशनकार्ड एक हवं आणि चूल एक हवी. मी खात्री करून घेईन."

मी ताडकन उठून गोठ्याच्या दाराशी गेले. "चंद्रे, नळी गेली तं गेली. चूल काही एक होणार नाही."

साहेबांनी आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "बाई म्हशीशी बोलतात?"

"हाव साहेब. जुनी सवय आहे."

दुसऱ्या दिवशीपासून पलीकडे पुन्हा गोवऱ्या आणि तुराट्या पेटू लागल्या. तिसऱ्या दिवशी खोकला परत आला. मी खिडकी लावून घेतली. खिडकी लावली की मला माझ्याच शेगडीचा आवाज ऐकू यायचा, निळ्या ज्योतीचा तो बारीकसा सूं. चांगला वाटायचा तो आवाज मला. आता वाटेना. त्यात तिच्या दोन म्हशींचं शेण होतं आणि मी त्यावर माझी पोळी भाजत होते.

पाचव्या दिवशी सकाळी खोकला इतका लांबला की मी भाकर तव्यावर टाकून बाहेर आले. भिंतीवर दोन हात दिसत होते, पिठानं माखलेले. गोपिका पलीकडून भिंत धरून उभी होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. तिला मी दिसले. तिनं हात काढून घेतले आणि खाली बसली. मला रडू आलं. माझी भाकर जळून कोळसा झाली, त्याचंही काही वाटलं नाही. वाटलं, एक कढी काय बिघडली आणि आपण माणूस मारायला निघालो.

आमचे हे रतीब घालून आले तेव्हा मी म्हणाले, "चूल एक करा."

त्यांनी दुधाचा डबा खाली ठेवला. "खरी का साहेबाले दाखवापुरती?"

"साहेबाले दाखवापुरती," मी म्हणाले. लगेच सगळं द्यायला मी काही तयार नव्हते.

दोघे भाऊ दोन्ही कार्डं घेऊन रेशनच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला आधी समजेनाच. त्याच्याकडे रोज कुटुंबं मोडायला माणसं येत होती. भाऊ भावापासून, मुलगा बापापासून, एक जण तर बायकोपासून. त्या सगळ्यांसाठी छापील फॉर्म होता. जोडायचा फॉर्मच नव्हता. त्यानं त्याच्या कचेरीतल्या साहेबाला विचारलं, त्या साहेबानं कपाट उघडलं, आणि शेवटी विभक्त होण्याच्या फॉर्मवर 'विभक्त' खोडून पेनानं 'एकत्र' लिहिलं. खाली कारण असा रकाना होता. ह्यांनी लिहिलं, "गोबर गॅस." कारकुनानं शिक्का मारताना विचारलं म्हणे, "पक्कं ठरलं ना? मंग पुन्हा तोडाले येसान नाही?"

मग रुपरावनं पहार घेऊन भिंतीला माणूस जाईल एवढं खिंडार पाडलं, गोपिकाची चूल मोडली आणि त्या जागी कोंबड्यांचं मोठं टोपलं पालथं घातलं. आणि पंधराव्या दिवशी सकाळी गोपिका त्या खिंडारातून माझ्या स्वयंपाकघरात आली. नऊ वर्षांनी. तिनं इकडेतिकडे पाहिलं, परात कुठे आहे ते न विचारताच काढली आणि पीठ मळायला बसली. परातीची जागा मी बदलली नव्हती.

तिनं भाकरी टाकल्या, मी कढी केली. दुधातुपाचं घर, ताक भरपूर, आणि साहेबांच्या पानात एका भांड्यातलं काहीतरी वाढायला हवं होतं. आम्ही बोललो नाही. चंद्री गोठ्यात होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. कढीला उकळी आली तेव्हा मी मिठाच्या बरणीचं झाकण काढलं. गोपिका माझ्या हाताकडे पाहत होती. माझा हात बरणीत जाईना. मला वाटलं, आता ही मोजणार, एकदा की दोनदा. मी झाकण तसंच ठेवून ताटं आणायला माजघरात गेले. मनात म्हटलं, मी नाही टाकलं हे तिनं पाहिलंय, ती टाकेल. परत आले तर ती बरणीपासून हातभर लांब सरकून बसली होती. मला वाटलं, टाकलेलं दिसतं.

साहेब अकराला आले. रेशनकार्ड पाहिलं, दोनदा वाचलं. खिंडार फूटपट्टीनं मोजलं. कोंबड्यांचं टोपलं उचललं नाही, ही देवाची कृपा. मग म्हणाले, "मी दोघी बाईंना वेगवेगळं विचारीन. कागद काय, कोणीही जोडून आणतं."

गोपिकाला त्यांनी अंगणात बोलावलं. मी दाराआड उभी. साहेबांनी विचारलं, "काल सकाळी घरात भाजी कोणती होती?"

काल तिचं जेवण तिच्या चुलीवर झालं होतं, ती मोडून टोपलं तर काल सांजेला आलं. असलं काही ठरवून ठेवायला हवं होतं, पण ठरवायचं तर बोलावं लागतं.

"अंबाडीची," गोपिका पदराआडून म्हणाली. "अन् ज्वारीची भाकर. फोडणीतला लसूण जरासा करपला होता."

ते खरं होतं. लसूण करपल्याचं मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं ती भिंतीपलीकडून वासावर माझा सगळा स्वयंपाक जेवत होती, आणि मी समजत होते की भिंत घातली म्हणजे संपलं.

मग माझी पाळी. "धाकट्या बाईंना काय खायला चालत नाही?"

"वांगं," मी चटकन म्हणाले. "अंगाले खाज सुटते तिच्या. लग्न होऊन आली तेव्हापासून." सणावारी रुपरावसाठी म्हणून मी पलीकडे वाटी पाठवायची, त्यात वांगं कधी गेलं नव्हतं. हे मात्र त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

साहेबांनी लिहून घेतलं आणि पाटावर बसले. ह्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही तं तपासणीत चहाही घेत नाही?"

"हे जेवण नाही," साहेब म्हणाले. "पडताळणी आहे."

दोघे भाऊ शेजारी बसले. गोपिकानं भाकर वाढली, मी भातावर कढी. साहेबांनी भुरका मारला. थांबले. मला पंच्याहत्तर सालचा माझा भाऊ आठवला. साहेबांनी आणखी एक भुरका मारला, नियमासारखा, दुसऱ्यांदा.

"यात मीठच नाही," ते म्हणाले.

मी गोपिकाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी डाव्या हातानं वही ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर आता शंका आली होती. "एका चुलीत मीठ एका हातचं असतं. आमच्या घरी आई टाकते, बायकोची टाकायची हिंमत नाही. दोन चुलींच्या बायका एका दिवसापुरत्या एकत्र आल्या की मात्र असं होतं. मला सांगा, या घरात मीठ कोण टाकतं?"

रुपरावनं घास तसाच हातात धरला. आमचे हे तर मान खाली घालून भातात काहीतरी शोधायला लागले. आणि गोपिका बोलली. जेठासमोर, म्हणजे आमच्या ह्यांच्यासमोर, परक्या माणसासमोर, पदर डोक्यावर घेऊन, पण आवाज स्वच्छ.

"मीठ जाऊबाईच टाकतेत साहेब. पहिलेपासून. मी त्या बरणीले हात लावत नाही. नऊ वर्षांपहिले महालक्ष्मीच्या कढीतही त्यायनंच टाकलं होतं, दोन खेप. मी पुरण वाटून राहिली होती, मले पाट्यावरून दिसत होतं. नाव माझं झालं."

म्हणजे तिला माहीत होतं. मला कळलं त्याच्या आधीपासून तिला माहीत होतं. माझ्या माहेरच्या माणसांसमोर तोंड उघडून मला खोटं पाडता आलं असतं तिला, तेव्हाच. ती गप्प बसली, वेगळी चूल मांडली, आणि नऊ वर्षं वाट पाहिली की जाऊबाई आज सांगतील, उद्या सांगतील.

साहेबांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का, बाई?"

मनात एक पळवाट आलीच, नाही कशाला म्हणू. जुनी गोष्ट आहे, आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. मग गोपिका खोटी ठरली असती, सील तसंच राहिलं असतं, आणि उद्या पहाटे भिंतीवर पुन्हा ते दोन हात.

"हाव साहेब," मी म्हणाले. "दोन्ही खेप मीच टाकलं होतं. गोपिकानं नाही." एवढं साहेबांना सांगून झालं. मग मी वळले. गोठ्याकडे नाही, तिच्याकडे. "गोपिका, माझंच चुकलं वं. मले त्याच दिवशी समजलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही."

आमचे हे भातातून वर पाहत म्हणाले, "म्हणजे ती भिंत आम्ही फुकटच घातली?" रुपराव डोळे पुसत होता आणि पुसता पुसता भात खात होता.

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी ते वाचून दाखवलं, अर्थात दोनदा. सदर घरातील दोन्ही जावांमध्ये एकाच कढीतील मिठावरून नऊ वर्षांचा वाद असल्याचे प्रत्यक्ष आढळून आले. सबब चूल एकच असल्याबाबत खात्री पटली.

"चुली वेगळ्या असत्या," ते वही मिटत म्हणाले, "तर एकमेकींच्या मिठाशी तुम्हाला काय देणंघेणं?" त्यांनी पिशवीतून पक्कड काढून रुपरावला दिली. रुपराव उष्ट्या हातानंच उठला आणि सील तोडून कॉक उघडून आला.

मी उभीच होते. काय करावं सुचत नव्हतं. गोपिकानं मिठाची बरणी उचलली आणि माझ्यापुढे आणून ठेवली.

"टाका आता, जाऊबाई," ती म्हणाली. "एकच खेप टाका."

मी टाकलं. नैवेद्याचा दिवस नव्हता, म्हणून तिनं पळीतून थेंबभर कढी तळहातावर घेतली आणि चाखून पाहिली. तिनं मान हलवली, तेव्हा मी साहेबांना पुन्हा वाढलं.